पोरगा कोणाचा भाचा?

“मामा कुठले तुमचे?” हा प्रश्न मी नोकरीत जितक्या जणांना विचारला, तितक्यांना त्यांचा पत्ताही विचारला नसेल. पोलिसातली बाई हे विचारते म्हटल्यावर लोक चक्रावायचे. आमचे एक साहेब म्हणायचे, तुम्ही आरोपी शोधता की स्थळं बघता? मी म्हणायचे, साहेब, आमच्या भागात दोन्हीची चौकशी एकाच रस्त्यानं होते. त्यांना ते पटायचं नाही, कारण ते कोकणातले होते.

मी यवतमाळ जिल्ह्यात जन्मले, इथंच भरती झाले आणि सहायक फौजदार म्हणून इथूनच निवृत्त झाले. शेवटची काही वर्षं माणसांची तस्करी रोखणाऱ्या कक्षात गेली. कक्ष हा शब्द जरा मोठाच आहे. एक खोली, मोजकी माणसं आणि एक गाडी, तीही बंदोबस्ताला गेलेली नसेल तर आमची. बाकी सगळा कारभार तोंडावर चालायचा, आणि तोंडाच्या बाबतीत मी कधीच गरीब नव्हते.

तस्करी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे गाडीत कोंबून पळवलेली मुलगी येते. मी तसं फार कमी पाहिलं. आमच्याकडच्या बहुतेक मुली स्वतःच्या पायांनी, केस धुऊन, नवा ड्रेस घालून गेलेल्या. कोणाला नोकरी सांगितलेली, कोणाला लग्न, आणि हल्ली दोन्ही एकदम. पूर्वी असं आमिष घेऊन गावात एखादी बाई यायची. ती कोणाकडे उतरली, काय जेवली, एवढं तरी गावाला कळायचं. आता ती बाई मोबाइलमध्ये राहायला आली आहे.

ज्यांनी ही ओळखी जुळवणारी ॲप पाहिली नाहीत त्यांच्यासाठी सांगते. आपला फोटो टाकायचा, वय, गाव, आवडीनिवडी लिहायच्या. मग एकामागून एक अनोळखी चेहरे समोर येतात. आवडला तर बोटानं एका बाजूला सरकवायचा, नाही आवडला तर दुसऱ्या. दोघांनी एकमेकांना पसंत केलं की बोलणं सुरू. यात वाईट काही नाही. माझ्या सख्ख्या भाचीचं असंच जमलं आणि जावई सोन्यासारखा आहे. अडचण एवढीच, की तिथं येणारा माणूस स्वतःबद्दल जे सांगेल तेवढंच घेऊन येतो. त्याच्या मागे गल्ली नसते, शेजारी नसतात, त्याला लहानपणी नागडा फिरताना पाहिलेली म्हातारी नसते.

म्हणून माझा मामाचा प्रश्न. वऱ्हाडात दोन अनोळखी माणसं एसटीत शेजारी बसली तर उतरेपर्यंत त्यांची सोयरीक निघते. गाव विचारायचं, आडनाव विचारायचं, मग मामाकुळ विचारायचं, की झालं, कोणीतरी कोणाचा साडू निघतोच. खोटं खातं तयार करणाऱ्याकडे आई असते, बाबा असतात, कंपनी असते, फ्लॅट असतो. मामा नसतो. मामाचा विचार त्यानं केलेलाच नसतो. मुलींना मी सांगायचे, त्याला सहज विचारा, मामाचं गाव कोणतं, सुट्टीत कुठं जायचा. खरा असेल तो विहिरीत पोहायला शिकला तिथपासून सुरू होईल. खोटा असेल तो विषय बदलेल. या एका प्रश्नावर मी कितीतरी खाती उघडी पाडली आणि त्याचा मला गर्व होता. तो लपवून काही फायदा नाही.

आमच्याकडे गिऱ्हाइकंही एकेक यायची. ढाणकीचे एक व्यापारी मोठ्या मुलीसाठी आलेलं स्थळ तपासायला आले, मग धाकटीसाठी आले, आणि तिसऱ्यांदा पुतणीसाठी आले तेव्हा त्यांनी हळदीचं पोतं आणलं. पोतं परत पाठवलं, पुतणीचं स्थळ मात्र तपासून दिलं. एक निवृत्त मुख्याध्यापक परदेशातल्या एका डॉक्टरीणबाईच्या प्रेमात पडले होते. तिला मामा विचारा म्हटल्यावर ते चिडले. “मॅडम, तिकडं मामा नसतात,” म्हणाले. त्यांच्यापुढे मी हात टेकले.

एकदा महाविद्यालयातली एक मुलगी स्वतःहून आली. आमच्यासारखीच बौद्ध कुटुंबातली. तिला एका मुलानं आपणही बौद्धच आहोत असं सांगितलं होतं, रोज सकाळी जय भीम पाठवायचा. मग एके दिवशी त्यानं लिहिलं, आईनं आपल्या दोघांच्या पत्रिका दाखवल्या, सगळे गुण जुळतात, मुहूर्तही काढला. पोरगी हसत हसत सांगत होती, “मॅडम, आमच्या आज्यापासून घरात पत्रिका नाही, याच्या आईले कुठून सापडली?” तोच मजकूर त्यानं दहा ठिकाणी पाठवला असणार, आणि इथं नावापुढे नुसतं जय भीम चिकटवलेलं. तिनं शहाणपणा केला तो हा, की त्याला ब्लॉक करून मोकळी झाली नाही. आधी संभाषणाचे फोटो काढले, मग ॲपमधलं तक्रारीचं बटण दाबलं, मग आमच्याकडे आली. कित्येक मुली रागानं आधी ब्लॉक करतात आणि त्याबरोबर सगळं बोलणं पुसून जातं. मग आमच्या हाती काय राहणार?

हे झालं हसण्यासारखं. पल्लवीची गोष्ट तशी नाही. नावं सगळी बदलली आहेत, गावंही नेमकी सांगत नाही.

सोयाबीनच्या काढणीचे दिवस होते. सकाळी खोली उघडते तो दारात एक बाई बसलेली. शोभाबाई, महागाव तालुक्यातल्या एका खेड्यातली, शाळेत मुलांची खिचडी शिजवणारी. पहिल्या गाडीनं आलेली. तक्रार द्यायची नाही, हे तिनं आधीच सांगून टाकलं. मुलगी पल्लवी यवतमाळात खोली करून राहते, नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. ॲपवर तिला निखिल नावाचा मुलगा भेटला. परराज्यातल्या मोठ्या दवाखान्यात कामाला, तिलाही तिथंच लावून देतो म्हणतो. आईबाप लहानपणीच गेले, मामानं वाढवला. मामा आर्णीकडचे, किसनराव. पल्लवीच्या वडिलांनी त्यांना फोन करून रीतसर विचारलं. मामा खरे निघाले. एवढंच नाही, मामांची बायको शोभाबाईच्या जावेच्या माहेरची निघाली. म्हणजे घरचाच पोरगा. वडिलांनी लग्न ठरवलं, पोरीनं आधी चार दिवस पाहुणी म्हणून जाऊन दवाखाना पाहून यावं असं ठरलं, आणि खूश होऊन ते काढणीला लागले.

मी म्हटलं, मग तुम्ही कशाला आलात?

शोभाबाईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. “काल तिचा फोन नव्या नंबरवरून आला, मॅडम. जुनं सिम काढून टाक म्हणे तो. अन् शाळेचे, कॉलेजचे सारे ओरिजनल कागद संगं घे म्हणे. पाहुणी म्हणून जाणाऱ्या पोरीले कागद कायले लागते?”

निघायची कधी, हे विचारलं तर म्हणाली, आजच. दुपारच्या गाडीनं नागपूर, तिथून रेल्वे. त्याची बहीण न्यायला येणार आहे.

मी घड्याळाकडे पाहिलं. मुलगी नेणारा माणूस एकदम ओढत नाही. मिरचीचं रोप उपटताना आधी भोवतालची माती मोकळी करतात, तसं त्याचं काम चालतं. ॲपवर नको, दुसरीकडे बोलू. मैत्रिणींना सांगू नको, जळतात. जुना नंबर बंद कर. कागद बरोबर घे. मग रोप हाताला अलगद येतं. इथं माती पुरती मोकळी झाली होती. पण माझा जो हुकमी प्रश्न होता, तो तर या लोकांनी आधीच विचारला होता आणि त्याचं उत्तर बरोबर आलं होतं. मामा खरा होता, गाव खरं होतं, सोयरीकसुद्धा निघाली होती.

कविता नावाची आमची महिला शिपाई आणि मी, साध्या कपड्यात बसस्थानकावर गेलो. शोभाबाईला तिथल्या पोलीस चौकीत बसवलं. आई रडायला लागली की मुलगी हट्टाला पेटते, हे शंभर वेळा पाहिलेलं. पल्लवी नागपूरच्या गाड्यांच्या फलाटावर सापडली. अबोली रंगाचा ड्रेस, मांडीवर बॅग, शेजारी चाळिशीची एक नीटनेटकी बाई पाण्याची बाटली घेऊन बसलेली. मी पल्लवीच्या बाजूला बसले. कविता त्या बाईच्या बाजूला बसून गाड्यांच्या वेळा विचारायला लागली, आणि बोलता बोलता तिला चहाच्या टपरीकडे घेऊन गेली.

मी पल्लवीला ओळखपत्र दाखवलं. ती घाबरली नाही, चिडली.

“आईनं पाठवलं ना तुम्हाले? मी एकवीस वर्षांची आहे, मॅडम. मी माह्या मर्जीनं चालली.”

तिचं म्हणणं कायद्यानं खरं होतं. सज्ञान मुलगी आपल्या मर्जीनं निघाली तर तिला हात लावायचा मला अधिकार नव्हता. मी तिला तसं सरळ सांगितलं. तिनं विचारलं, निखिलविरुद्ध तुमच्याकडे काय आहे? माझ्याकडे काही नव्हतं. संभाषण दाखव म्हटलं तर नाही म्हणाली, ते आमचं खासगी आहे. कागद आईकडे ठेवून जा म्हटलं, तर नोकरीसाठी लागतात म्हणाली. प्रत्येक प्रश्नाला तिच्याकडे उत्तर होतं आणि प्रत्येक उत्तर त्यानं शिकवलेलं होतं, हे मला कळत होतं आणि तिला कळत नव्हतं. तेवढ्यात नागपूरची गाडी फलाटाला लागली.

लोक चढायला लागले. टपरीजवळून त्या बाईनं पल्लवीला हात केला. कवितानं तिला अजून एक चहा पाजायचा घाट घातला होता, पण चहा तरी किती पाजणार? शेवटचं म्हणून मी म्हटलं, “तुह्या मामेसासऱ्याशी मले एकदा बोलू दे. मंग जा.”

ती हसली. मी तोंडघशी पडणार याची तिला खात्री होती. “लावा. स्पीकरवरच लावा,” म्हणाली, आणि नंबर तिनंच दिला.

किसनराव शेतात होते. मागे मळणीयंत्राची घरघर ऐकू येत होती. मी यवतमाळहून बोलते, पल्लवीच्या घरच्यांकडून, असं सांगितलं. म्हातारा इतका आनंदला की यंत्रापासून दूर जाऊन बोलायला लागला. निखिल त्यांच्या मोठ्या बहिणीचा मुलगा, हे खरं. लहानपणापासून त्यांच्या घरी, हेही खरं. शाळा कुठली, मास्तर कोण, कोणत्या झाडावरून पडून हात मोडला, सगळं त्यांनी सांगितलं. माझा प्रश्न मी उलटासुलटा करून विचारला आणि प्रत्येक वेळी पोरगा खरा निघाला. पल्लवी बॅग खांद्याला लावून उभी राहिली. वाहकानं नागपूर, नागपूर म्हणून हाक दिली. मी फोन ठेवायच्या बेतात होते.

मामाच म्हणाले, “पोरीच्या बापाले सांगा बाई, यावेळी मोडू नोका म्हणा. पोरगं खचून गेलतं मागच्या वेळी.”

मी विचारलं, मागच्या वेळी म्हणजे?

“आधी एक सोयरीक झालती ना. उन्हाळ्यात. त्याही पोरीच्या बापानं मले असाच फोन केलता, पोरगा कसा हाय म्हणून. मी सांगितलं, माह्या हातावर वाढला. मंग मोडलं म्हणे ते.”

मोडल्याचं कोणी सांगितलं, हे विचारलं. म्हणाले, निखिलनंच.

पल्लवीचा चेहरा उतरला, पण पाय गाडीकडेच होते. “मोडलं असंल,” ती म्हणाली. “लोकायचं मोडते.” तिला त्यानं सांगितलं होतं की त्याच्या आयुष्यात ती पहिलीच. तेवढं खोटं माफ करायला ती तयार होती. प्रेमात माणूस याहून मोठं खोटं माफ करतो, मीही केलेलं आहे. मी मामांकडून त्या बापाचा नंबर मागून घेतला. फोनमध्ये होता त्यांच्या. पल्लवीला म्हटलं, हा शेवटचा. गाडी सुटली तर अर्ध्या तासानं दुसरी आहे, तिकीट मी काढून देते.

ती थांबली.

बापानं पहिल्या घंटेलाच फोन उचलला. मी पोलिसातून बोलते म्हटल्यावर तो म्हणाला, “माही पोरगी ठीक हाय ना, बाई?”

मी विचारलं, तुमची मुलगी कुठं दिली?

“वनिता ना? निखिलले दिली. किसनरावच्या भाच्याले. तिकडंच देवळात लगन केलं त्यायनं, फोटो धाडला होता.”

तिच्याशी बोलणं कधी झालं?

“पोळ्याच्या आधी. जावई म्हंते फोन बिघडला तिचा. जावई बोलते कधीमधी.” मग हलक्या आवाजात, “फोटोत पोरगी एकलीच हाय, बाई. गळ्यात हार हाय अन् बाजूले कोणीच नाही. हे बरोबर हाय काय?”

पल्लवी फलाटाच्या फरशीवर मटकन बसली. बॅग अजून खांद्यालाच होती. ज्याच्याशी तिचं लग्न ठरलं होतं, तो आधीच कोणाचा तरी जावई होता, आणि त्या घरची मुलगी पोळ्याच्या आधीपासून बोललेली नव्हती. नागपूरची गाडी घंटी वाजवून निघून गेली.

त्या गाडीत एकटीच चढायला निघालेल्या बाईला कवितानं अडवलं होतं. बाईनं आधी सांगितलं, पल्लवीला मी ओळखत नाही. मग म्हणाली, निखिलची बहीण आहे. कविता माझ्याच हाताखाली शिकलेली. तिनं शांतपणे विचारलं, ताई, तुमच्या मामाचं गाव कोणतं? निखिलच्या बहिणीला निखिलच्या मामाचं गाव सांगता आलं नाही.

माझा राग मात्र त्या बाईपेक्षा किसनरावांवर निघाला. संध्याकाळी त्यांना पुन्हा फोन केला आणि तोंडाला येईल ते बोलले; निखिलला यातलं एक अक्षर कळता कामा नये, हेही बजावलं. पोरगा चार-पाच वर्षं घरी आलेला नव्हता, हे तेव्हा कळलं. उन्हाळ्याच्या तोंडावर अचानक आला, मामीला लुगडं घेऊन आला, आणि जाताना सांगून गेला की सोयरीक पाहतोय, कोणाचा फोन आला तर दोन चांगले शब्द बोला. म्हातारा बोलला. आम्ही सगळे बोलतोच. सोयरीक निघाली, मामा हो म्हणाला, की आमची चौकशी तिथं संपते. तो आता काय करतो, कुठं राहतो, पगार कोण देतो, हे पुढं कोणी विचारत नाही, कारण आपल्याच माणसावर अविश्वास दाखवल्यासारखं होतं. निखिलला हे पक्कं ठाऊक होतं. खोट्या खात्यांना मामा नसतो, हे जसं मला कळलं, तसं त्यालाही कळलेलं. त्यानं खरा मामा वापरला.

आता प्रश्न वनिताचा होता. तिच्या बापानं त्यांच्या गावच्या ठाण्यात गुपचूप तक्रार दिली, पण पोरगी कुठं ठेवली हे फक्त निखिलला माहीत. बसस्थानकावरच्या बाईला पुढचं ठिकाण ठाऊक नव्हतं, मुली रेल्वेपर्यंत पोहोचवायच्या एवढंच तिचं काम. निखिलला संशय आला असता तर तो फोन बंद करून गडप झाला असता आणि वनिताचा पत्ता त्याच्याबरोबर गेला असता. त्याला बोलतं ठेवणं एका पल्लवीलाच शक्य होतं.

मी तिच्यावर जोर केला नाही. ती स्वतःच म्हणाली, मी बोलते. आमच्या खोलीत, कविताशेजारी बसून, तिनं त्या माणसाला प्रेमाचे निरोप लिहिले. गाडी चुकली, घरी आजी आजारी पडली, चार दिवस थांबावं लागतं. तुझ्या बहिणीनं रागानं फोन बंद केला वाटते, तिला समजाव. तो चिडायचा, मग लाडात यायचा, मग पुन्हा चिडायचा. प्रत्येक निरोप लिहिल्यावर ती फोन पालथा ठेवायची आणि हात ड्रेसला पुसायची. तिकडे आम्ही त्या ॲपच्या कंपनीला रीतसर मार्गानं कळवलं. त्यांच्या सुरक्षा विभागानं त्याची माहिती जपून ठेवली. त्याच फोनवरून वेगवेगळ्या नावांनी खाती चालू होती, आणि आणखी काही मुलींशी लग्नाचं बोलणं सुरू होतं. त्या मुलींना कंपनीकडून सावधगिरीची सूचना गेली, तीही निखिलला जेरबंद केल्यावर, तो आधीच बिथरू नये म्हणून. हे थांबणं फार अवघड असतं. दरम्यान त्यातली एखादी निघाली तर, या विचारानं मला झोप लागत नव्हती.

शेवटी पल्लवीनं लिहिलं, तूच घ्यायला ये, मला एकटीला भीती वाटते. नागपूर स्थानकावर तो आला. आमचे साहेब आणि पथक आधीपासून उभं होतं. त्यानं पहिल्या दिवशी काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी गाव सांगितलं. परराज्यातल्या एका खेड्यात, मुली मिळत नाहीत अशा घरात, वनिताला बायको म्हणून विकलेलं होतं. देवळातला तो फोटो काढून झाल्यावर निखिल तिथून निघून गेला होता.

पथक वनिताला घेऊन आलं त्या दिवशी मी कार्यालयात होते. तिचा बाप सकाळपासून बाकावर बसलेला. किसनरावही आलेले. निखिल पकडल्यापासून ते दोन-चार वेळा यवतमाळला येऊन गेले होते. दरवेळी दारात उभे राहायचे, पोरीचा काही पत्ता लागला काय विचारायचे आणि पाणीही न पिता परत जायचे. माझा राग केव्हाच उतरला होता, पण तसं त्यांना सांगायला मला जमलं नव्हतं.

वनिता फार वाळली होती. हातात दुसऱ्या कोणाच्या मापाच्या बांगड्या होत्या, कोपरापर्यंत सरकत होत्या. ती बापाजवळ बसली. बाप रडत होता, ती रडत नव्हती. मी तिला चहा दिला, तो तिनं दोन्ही हातांनी धरून ठेवला.

किसनराव दारातून पुढं आले. “पोरी, बरी हाय ना?” एवढंच म्हणाले.

वनितानं मान वर केली. तिनं त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं. “हा आवाज मी ओळखते,” ती म्हणाली. “बाबानं तुम्हाले फोन केलता तवा मी बाजूलेच होती. तुम्ही म्हणाले, पोरगा माह्या हातावर वाढला.”

“हो बाई. मीच म्हणलो.”

“मंग मी बॅग भरली.”

किसनरावांनी टोपी काढून हातात घेतली. ‘मला ठाऊक नव्हतं, पोरानं फसवलं’ असं ते म्हणू शकले असते, आणि ते खरंच होतं. त्यांनी तसं काही म्हटलं नाही.

वनिताच पुन्हा बोलली. आवाजात राग नव्हता, नुसती विचारणा होती. “तिथं मी रोज वाट पाहे. वाटे, मामा तरी इचारतील. येताना कळलं, लगन मोडलं असं सांगितलं तुम्हाले त्यानं, तर बाबाले एक फोन करून इचाराचं होतं ना, काहून मोडलं. एकच फोन.”

बापानं हुंदका दिला. त्यानंही दुसऱ्यांदा मामांना फोन केलेला नव्हता. जावयाच्या माणसांना सारखं काय विचारायचं, म्हणून.

किसनरावांनी बंडीच्या खिशातून मोबाइल काढला. बटणांचा, जुना. डोळ्यांजवळ नेऊन ते बराच वेळ काहीतरी शोधत राहिले. मला वाटलं, घरी कोणाला कळवायचं असेल. तोच बाकावर बसलेल्या बापाचा फोन वाजला. बापानं नाव पाहिलं, समोर उभ्या असलेल्या किसनरावांकडे पाहिलं आणि फोन मुलीच्या हातात दिला.

वनितानं चहा खाली ठेवला आणि फोन कानाला लावला. चार पावलांवर उभा असलेला म्हातारा तिच्याकडे न पाहता, भिंतीकडे तोंड करून फोनमध्ये बोलला.

“वनिता हाय काय? मी किसन मामा बोलतो. पोरीची खबर घ्याची होती.”

तिनं फोन दोन्ही हातांनी धरला. मग तिचे ओठ हलले आणि त्या सगळ्या महिन्यांचं रडू एकदम बाहेर पडलं. त्या रडण्यातूनच ती म्हणाली, “आली मी, मामा. घरी आली.”